कातळावरचा योद्धा: फँटसी मिनिएचर रंगवायची आणि तिचा बेस करायची सगळी पद्धत, नाशिकच्या सामानात

मिनिएचर, म्हणजे रंगवायची छोटीशी मूर्ती, हातात आली की सगळे आधी आकृतीकडेच बघतात, चेहरा कसा करायचा, केप कुठल्या रंगाची, तलवार चमकवायची कशी, आणि बेस, म्हणजे ती ज्या चकतीवर उभी राहते तो भाग, मात्र शेवटी उरलेल्या अर्ध्या तासात वाळू चिकटवून उरकून टाकतात. मी ह्याच्या बरोब्बर उलटं सांगणार आहे. आधी तो योद्धा उभा कुठे आहे ते ठरवा, ऊन कुठून येतंय ते ठरवा, आणि मगच रंगाची बाटली उघडा. बुटांवर कुठल्या रंगाची धूळ बसणार, केप मागच्या गवतातून उठून दिसणार की त्यातच विरून जाणार, हेल्मेटवर उजेड कुठे पडणार, हे सगळं त्या जागेवरून ठरतं आणि जागा नंतर शोधली तर आकृती आणि बेस एकमेकांना अनोळखी दिसतात, मग दोन्ही कितीही सुंदर रंगवा.

नाशिकमध्ये राहणाऱ्याला जागा शोधायला लांब जायला लागत नाही. अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर, नाहीतर अगदी पांडवलेणीचा डोंगर, कुठेही जाऊन मोबाईलवर पायाखालच्या जमिनीचे फोटो काढून आणा. दृश्याचे नको, जमिनीचेच. दगडाच्या फटीत काय उगवलंय, पायवाटेची माती आणि बाजूची माती ह्यात रंगाचा काय फरक आहे, कातळाच्या वरच्या अंगाला आणि सावलीतल्या अंगाला काय फरक आहे, एवढं बघून या. ह्या लेखात मी धरलेली जागा म्हणजे ऑक्टोबरमधली दुपार, पाऊस संपलेला, गवत पिवळं पडायला लागलंय, कातळ काळा आणि वाटेवर लालसर मुरूम. म्हणजे बेसवर काळा-करडा, पिवळा-सोनेरी आणि विटकरी असे तीन रंग आधीच आले. त्यात योद्ध्याला पिवळी किंवा तपकिरी केप दिली तर तो दिसणारच नाही, म्हणून केप मोरपंखी. असा निर्णय बेसवरून वर चढत जातो.

बाजारात बहुतेक फँटसी मिनिएचर २८ किंवा ३२ मिलिमीटरच्या असतात आणि २८ मिमी हे माप जुन्या पद्धतीने पायापासून डोळ्यांपर्यंत धरतात. म्हणजे अंदाजे १:६० ची पट धरायला हरकत नाही. हे गणित डोक्यात पक्कं ठेवा, बेस करताना सारखं लागतं. १ मिमीचा वाळूचा कण म्हणजे योद्ध्याच्या जगात ६ सेंटीमीटरचा दगड. आपल्याला जी वाळू वाटते ती त्याच्या पायाखाली खडी असते.

आकृती साफ करणं आणि जोडणं

मिनिएचर प्लास्टिकची असेल, धातूची असेल किंवा रेझिनची. आता बरेच जण घरी किंवा मित्राकडे रेझिन प्रिंटरवर छापून घेतात, तशी असेल तर ती आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) नीट धुतलेली आणि यूव्हीखाली पूर्ण पक्की केलेली आहे ना ते आधी विचारा. हाताला चिकट लागत असेल तर ग्लोव्ह्जशिवाय धरू नका. रेझिन घासायचं ते पाण्यात बुडवून, वॉटर पेपरने आणि तोंडाला मास्क लावून, कारण ती कोरडी धूळ फुप्फुसात जायला नको, ह्यात हयगय करू नका.

साच्यातून काढलेल्या आकृतीवर दोन भाग जिथे जुळतात तिथे एक बारीक रेघ उठलेली असते, सहसा खांद्यावरून, पायाच्या बाजूने, हेल्मेटच्या मधोमध. नुसत्या डोळ्यांना ती आत्ता दिसणार नाही पण ड्रायब्रश केला, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवला, की पहिली तीच चमकेल. कटरच्या पात्याची मागची बाजू धरून हलक्या हाताने खरवडा, कापायचं नाही, खरवडायचं. मग ६०० नंबरचा वॉटर पेपर फिरवा. केसांवर किंवा लोकरीवर रेघ असेल तर ती सपाट करण्यापेक्षा पात्याच्या टोकाने त्यातच एकदोन बटा कोरून टाका, सुंदर लपते.

मग कोमट पाणी, भांड्याचा साबण, जुना टूथब्रश. साच्यातला तेलकटपणा गेला नाही तर प्रायमर, म्हणजे रंगाच्या आधीचा पायाचा थर, पापुद्र्यासारखा निघतो. पूर्ण वाळू द्या.

प्लास्टिकला प्लास्टिक सिमेंट चालतं कारण ते दोन्ही बाजू वितळवून एकजीव करतं, पण रेझिनवर आणि धातूवर त्याचा काही उपयोग नाही, तिथे फेविक्विक. अगदी टाचणीच्या टोकावर मावेल एवढंच, जास्त लावलं तर वाळताना आजूबाजूला पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं. धातूची मिनी असेल आणि हातात जड तलवार असेल तर नुसत्या गोंदावर विसंबू नका, १ मिमीच्या हँड ड्रिलने दोन्हीकडे भोक पाडा आणि स्टेशनरीतल्या यू-क्लिपचा तुकडा आत घालून जोडा. एका पायाच्या तळव्यातही असंच भोक पाडून तार लांब ठेवा, ती रंगवताना धरायला कामाला येते आणि शेवटी बेसमध्ये रोवायला पण.

सांध्यांमध्ये फट राहिली तर भरायला मिलिपुट ही पुट्टी चांगली, ते मिळालं नाही तर हार्डवेअरच्या दुकानातलं एम-सील. एम-सीलचा पोत जरा भरड असतो म्हणून ओल्या बोटाने घासून गुळगुळीत करा आणि वाळल्यावर परत वॉटर पेपर. चेहऱ्याच्या आसपास मात्र मी एम-सील वापरत नाही.

प्रायमर आणि नाशिकची हवा

प्रायमर हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा थर, त्याच्याशिवाय ॲक्रिलिक रंग नखाने निघतो. स्प्रे वापरणार असाल तर हवेकडे बघा. जून ते सप्टेंबर गच्चीवर स्प्रे मारणं टाळाच, दमट हवेत थर धुरकट आणि खरखरीत येतो, त्या महिन्यांत ब्रशने लावायचा प्रायमर आणा आणि दोन पातळ हात द्या. एप्रिल-मेच्या दुपारी उलटा त्रास, रंग डब्यातून आकृतीपर्यंत पोचायच्या आतच हवेत वाळतो आणि पृष्ठभागावर पावडर बसल्यासारखा होतो, तेव्हा सकाळी लवकर उरका. थंडीत आपल्याकडे पहाटे चांगलाच गारठा असतो, त्यामुळे उन्हं वर आल्यावर. साधारण १५ ते ३० अंश तापमान, कोरडी हवा आणि वारा नसलेला कोपरा, एवढं जमलं की झालं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा नाशिकमध्ये स्प्रेचा खरा हंगाम, मी वर्षभराच्या आकृत्या त्यातच प्राइम करून ठेवायला सांगेन.

डबा दोन मिनिटं हलवायचा, २० ते ३० सेंटीमीटर अंतर, सुरुवात आकृतीच्या बाहेरून करायची आणि पलीकडे जाऊन थांबायचं, एका जागी धरून ठेवायचं नाही. दोन-तीन हलके हात.

आता उजेड. आधी पूर्ण आकृती काळी करा. वाळली की करडा प्रायमर फक्त वरच्या बाजूने, तिरका, ४५ अंशात. मग पांढरा थोडासा, अगदी डोक्यावरून. ह्याला झेनिथल म्हणतात, आणि ह्यातून तुम्हाला फुकटात नकाशा मिळतो की ऊन वरून पडलं तर कुठे उजेड, कुठे सावली. आकृती एवढीशी आहे की खोलीतला खरा उजेड तिच्यावर सावल्या पाडायला पुरत नाही, म्हणून सावल्या आपल्याला रंगवायला लागतात, सगळं रंगकाम शेवटी ह्यासाठीच आहे. ह्या टप्प्यावर मोबाईलने चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. रंग चढले की प्रायमर झाकला जातो, पण फोटो समोर असला की केपची कुठली घडी उजळायची हे अंदाजाने ठरवायची वेळ येत नाही. मी दुपारचं ऊन धरलंय म्हणून वरून आणि किंचित उजव्या बाजूने मारतो आणि पुढे प्रत्येक गोष्टीत तीच बाजू पाळतो.

ब्रश, रंग, पॅलेट

ब्रश बारीक पाहिजे हा गैरसमज आहे. ब्रशचं टोक बारीक पाहिजे, पोट भरलेलं पाहिजे. १ किंवा २ नंबरचा राउंड ब्रश ज्याचं टोक सुईसारखं येतं त्याने डोळेसुद्धा होतात, उलट तीन शून्यवाल्या ब्रशमध्ये रंग मावतच नाही आणि टोकावरच वाळून जातो. परवडत असेल तर कोलिन्स्की सेबलचा एक ब्रश घ्या, नाहीतर चांगला सिंथेटिक, फक्त सिंथेटिकचं टोक काही दिवसांनी आकड्यासारखं वळतं हे धरून चाला. रंग धातूच्या पट्टीपर्यंत चढू द्यायचा नाही. ड्रायब्रशला हा ब्रश कधीच वापरायचा नाही, त्याला मेकअपचा जुना मऊ गोल ब्रश उत्तम.

रंग व्हॅलेहो, सिटाडेल, आर्मी पेंटर असे ऑनलाइन मिळतात आणि पिगमेंट बारीक असल्यामुळे चेहऱ्याला तेच बरे. पण सगळेच तसले घ्यायची गरज नाही. मेन रोडला किंवा कॉलेज रोडला कुठल्याही आर्टच्या दुकानात कॅमलच्या ॲक्रिलिक ट्यूब मिळतात, बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, अल्ट्रामरीन, टायटॅनियम व्हाइट आणि काळा एवढ्यात बेस, चामडं, दगड, लाकूड सगळं होतं. फक्त त्या घट्ट असतात, नीट पातळ कराव्या लागतात.

वेट पॅलेट घरीच करा. झाकणाचा चपटा प्लास्टिकचा डबा, तळाला ओला स्पंज नाहीतर टिश्यूच्या चार घड्या आणि वर बेकिंग पेपर. मेणाचा कागद चालत नाही, त्यातून पाणी वर येत नाही. नाशिकच्या उन्हाळ्यात साध्या प्लेटवर रंग बघता बघता वाळतो, ह्या डब्यात झाकण लावून ठेवलं तर दुसऱ्या दिवशीही तेच मिश्रण वापरता येतं.

किती पातळ करायचा हा प्रश्न सगळे विचारतात. दुधाइतका म्हणतात ते बरोबर आहे पण खरी परीक्षा अंगठ्याच्या नखावर. एक रेघ ओढा, रेघेत ब्रशच्या केसांचे ओरखडे दिसले तर घट्ट आहे, रेघ पसरून नखाच्या कडेला पळाली तर फार पातळ आहे. पहिल्या हातात खालचा प्रायमर दिसणारच, घाबरून दुसऱ्यांदा लगेच ओल्यावर ब्रश फिरवू नका, वाळू द्या, दुसरा हात द्या. पिवळा आणि लाल तर दोन हातांतही झाकत नाहीत, पिवळ्याखाली ऑकर आणि लालखाली विटकरी द्या म्हणजे लवकर भरतात.

चेहरा

आतून बाहेर असा क्रम, म्हणजे त्वचा आधी, मग कपडे, मग चामडं, मग चिलखत. आतल्या भागात ब्रश घालताना बाहेरच्या भागाला रंग लागतोच, म्हणून बाहेरचं नंतर.

बाजारातल्या तयार स्किन कलरच्या बाटल्या बहुतेक गोऱ्या युरोपियन कातडीच्या असतात. आपला योद्धा कातळावर उन्हात उभा आहे, त्याला आपल्याकडचा रंग द्या, जास्त जिवंत दिसतो आणि मिसळायलाही सोपा आहे. बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर सारखे, त्यात अगदी थोडा पांढरा, हा मधला रंग. सावलीला बर्न्ट अंबर आणि त्यात क्रिमसनचा ठिपका, काळा अजिबात घालायचा नाही, काळ्याने त्वचा मेल्यासारखी राखाडी होते. उजेडाला मधल्या रंगात ऑकर आणि थोडा पांढरा, आणि नुसता पांढरा वाढवत गेलात तर चेहऱ्यावर खडू फासल्यासारखं होईल म्हणून प्रत्येक वेळी ऑकर पण वाढवा.

सगळ्या चेहऱ्याला मधला रंग. मग सावलीचा रंग पातळ करून डोळ्यांच्या खोबणीत, नाकाच्या दोन्ही बाजूंना, खालच्या ओठाखाली, गालाच्या हाडाखाली आणि हेल्मेटच्या कडेला. वाळलं की परत मधला रंग घेऊन वर आलेले भाग साफ करा. मग उजेड, कपाळ, नाकाची धार, गालाचं हाड, हनुवटी, आणि ज्या बाजूने ऊन धरलंय त्या बाजूला जरा जास्त. सगळ्यात उजळ ठिपका फक्त नाकाच्या टोकाला आणि गालाच्या हाडावर.

डोळे मी सावलीनंतर आणि उजेडाच्या आधी करतो, म्हणजे चुकलं तरी आजूबाजूचा रंग परत देताना दुरुस्त होतं. आधी पूर्ण खोबणीत गडद तपकिरी. त्यात मळकट पांढऱ्याची आडवी बारीक रेघ, दोन्ही टोकांना तपकिरी दिसला पाहिजे, शुद्ध पांढरा नको, त्याने डोळे वटारल्यासारखे होतात. मग बुबुळ, ठिपका देण्यापेक्षा छोटी उभी रेघ द्या जी वरच्या पापणीला आणि खालच्याला टेकते. समोर बघणारे डोळे सरळ जुळवणं अवघड, म्हणून दोन्ही डोळे एका बाजूला बघतायत असं करा, योद्धा लांब कड्याकडे बघतोय असं वाटतं. हात टेबलावर टेकवून, दोन्ही मनगटं एकमेकांना लावून, श्वास सोडताना ब्रश टेकवा. दाढी केलेला पुरुष असेल तर जबड्यावर निळसर करड्याचा एकदम पातळ थर, पाण्यासारखा, खालच्या ओठाला थोडा लालसर. संपला चेहरा. एक आख्खी संध्याकाळ गेली तरी चालेल, बघणाऱ्याची नजर पहिली तिथेच जाते.

केप आणि येवल्याची धूपछाव

कापडाची सावली करताना बहुतेक जण त्याच रंगात काळा घालतात आणि उजेडाला पांढरा. चालतं, पण कापड निर्जीव दिसतं. मला ह्याचं उत्तर येवल्याच्या पैठणीत दिसतं. तिथे ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेतात आणि मग कापड हललं की घडीत एक रंग आणि फुगवट्यावर दुसरा, त्यालाच धूपछाव म्हणतात. एकदा खरी पैठणी खिडकीच्या उजेडात धरून चुरगाळून बघा, घडीच्या आत रंग कुठे बदलतो ते निरखा आणि मग ब्रश उचला.

आपल्या मोरपंखी केपसाठी मधला रंग निळा-हिरवा. सावलीला काळा नको, अल्ट्रामरीनमध्ये थोडा क्रिमसन घालून जांभळट निळा. उजेडाला पांढरा नको, हिरव्यात थोडा पिवळा आणि शेवटच्या टोकाला थोडा फिकट पिवळा. म्हणजे घडी जांभळी आणि कड हिरवी-सोनेरी, आणि तो सोनेरी बेसवरच्या गवताशी आपोआप नातं जोडतो. आधी सगळीकडे मधला रंग, मग घड्यांच्या आत सावली, मग मधला आणि उजेड ह्यांची तीन-चार मिश्रणं पॅलेटवर शेजारी शेजारी करून एकेक पट्टा आधीच्यापेक्षा अरुंद ठेवत कडेकडे जायचं. पट्ट्यांच्या सीमा कडक दिसतील, त्यांना मधल्या रंगाचा एकदम पातळ थर द्या, ब्रश आधी टिश्यूवर टेकवून जादा पाणी काढून, आणि ब्रश ज्या दिशेला संपतो तिथे रंग जास्त साचतो हे लक्षात ठेवून सावलीकडे ओढायचं. दोन-तीन थरांत सीमा विरघळतात. काठाला बारीक जरीची रेघ द्यायची असेल तर ऑकरने, खऱ्या सोनेरी रंगाने नको, कापडावर मेटॅलिक रंग पत्र्यासारखा दिसतो.

चामड्याचे पट्टे, म्यान, बूट लवकर होतात. बर्न्ट अंबर, कडांना अंबर आणि ऑकरच्या बारीक तुटक रेघा, दोन-चार ओरखडे, झालं. सगळे पट्टे एकाच तपकिरीत करू नका मात्र, एक लालसर, एक काळसर, एक पिवळट.

धातू, आणि भांडी बाजारात एक चक्कर

पितळ रंगवायच्या आधी भांडी बाजारात जा. जुनी पितळी समई, घंगाळ, तांब्याचा बंब बघा, दुकानातलं नवंकोरं नको, मोडीत आलेलं. जिथे हात लागतो, घासलं जातं तिथे पिवळंजर्द, नक्षीच्या खोबणीत काळपट तपकिरी आणि जिथे पाणी साचून राहिलं तिथे हिरवट-निळा कळंक. हे तीन थर तुमच्या योद्ध्याच्या हेल्मेटवर द्यायचे आहेत, बाकी काही नाही.

खाली काळा-तपकिरी, त्यावर पितळी मेटॅलिक रंग पण खोबणी सोडून. मग गडद तपकिरी वॉश, म्हणजे खोबणीत उतरणारा एकदम पातळ रंग. वॉश तयार मिळतो, नाहीतर अंबर आणि काळ्यात मॅट मीडियम आणि भरपूर पाणी घालून घरी होतो. तो खोबणीत आपणहून उतरतो, पण सपाट जागी तळं साचलं तर वाळल्यावर डाग पडतो, म्हणून स्वच्छ ओलसर ब्रशने लगेच टिपून घ्यायचा. वाळलं की कडांना परत पितळी, सगळ्यात वरच्या धारेला पितळीत थोडी चांदी. आणि कळंक, आकाशी-हिरवा पाण्यासारखा पातळ करून फक्त रिव्हेटच्या खाली आणि खोबणीच्या टोकाला, तेही दोन-तीन जागीच, सगळीकडे दिलात तर हेल्मेट नदीतून काढल्यासारखं दिसेल.

तलवार पोलादी, काळ्यावर गनमेटल, निळसर काळा वॉश, मग धारेवर शुद्ध चांदीची सलग रेघ, त्यासाठी ब्रशचं टोक नाही तर ब्रशची कूस धारेवरून ओढायची, हात आपोआप सरळ राहतो. मेटॅलिक रंगासाठी पाण्याचा वेगळा ग्लास ठेवा, नाहीतर त्यातला चुरा पुढच्या चेहऱ्यावर चमकायला लागतो.

बेस

आता खरी मजा. ३२ मिमीचा गोल बेस, त्यावर काय मावणार असं वाटतं, पण १:६० च्या हिशोबाने ती जवळजवळ दोन मीटर रुंदीची जमीन आहे, माणूस, एक दगड, एक झुडूप आणि पायवाटेचा तुकडा आरामात.

हरिहरच्या पायऱ्या डोळ्यासमोर आणा. अखंड कातळात खोदलेल्या, उभ्या चढाच्या, दोन्ही बाजूंना हात धरायला खोबण्या आणि मधे पावलांनी झिजलेल्या. एक पायरी ३० सेंटीमीटर धरली तर आपल्या मापात ५ मिमी, आणि स्टेशनरीत मिळणारा सनबोर्ड ५ मिमी जाडीचा असतोच. म्हणजे एक थर एक पायरी. दोन थर कापून एकावर एक चिकटवा, कडा कटरने सरळ न कापता बोटाने आणि चिमट्याने तोडा, वरून दगड दाबून पोत उठवा, पायरीचा मधला भाग चमच्याच्या पाठीने दाबून खोलगट करा. खोबणीसाठी पेनचं टोक. पायरीची उंची बरोबर आली की बघणाऱ्याला माप सांगायला लागत नाही, योद्धा आपोआप माणसाएवढा दिसतो. एक सावधगिरी, थर्माकोल असेल किंवा सनबोर्डच्या आत तसला फोम असेल तर स्प्रे आणि फेविक्विक दोन्हीने वितळतो, म्हणून आधी सगळीकडून फेविकॉलचा हात द्या.

जमिनीसाठी नदीची वाळू घेऊ नका असं माझं मत आहे. गोदावरीची वाळू पाण्याने घासून गोल झालेली, ती नदीकाठचा बेस असेल तर अप्रतिम, पण डोंगरावरचा चुरा कोनेदार असतो. कुठल्याही बांधकामावर आता क्रश सँड पडलेली असते, ती आपल्याच काळ्या बसाल्टची भरड, रंग पण तोच, धार पण तीच. विचारून मूठभर घ्या, धुवा, उन्हात वाळवा, चहाच्या गाळणीने चाळा. गाळणीत राहिली ती खडी, खाली पडली ती माती. आणखी बारीक पोत हवा असेल तर पांढरी रांगोळी फेविकॉलमध्ये कालवून लेप द्या, पण रंगीत रांगोळी नको, तिचा रंग नंतर फुटतो.

फेविकॉल थोड्या पाण्यात सैल करून लावा, आधी दोन-तीन मोठे खडे पायरीच्या कोपऱ्याशी, मग मधली खडी त्यांच्या भोवती, मग बारीक. डोंगरात असंच असतं, मोठ्या दगडाच्या पायथ्याशी बारीक चुरा साठतो, मधेच सगळीकडे सारखा पसरत नाही. रात्रभर वाळू द्या. मग एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब, हे मिश्रण ड्रॉपरने वरून सोडा, साबणामुळे ते कणांमध्ये उतरतं आणि वाळू पुन्हा कधी सुटत नाही.

झाडाचं खोड हवं असेल तर नाशिकसारखी जागा नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आणि ऑक्टोबरच्या फळ छाटणीनंतर द्राक्षबागांच्या बांधावर काड्यांचे ढीग असतात. जुन्या वेलाचं पिळदार लाकूड आणि त्याची सुटणारी उभ्या चिरांची साल ह्या मापात हुबेहूब वठलेल्या झाडासारखी दिसते. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून चार तुकडे आणा, आत किडे असतात म्हणून ओव्हनमध्ये कमी आचेवर वाळवा आणि पातळ फेविकॉलने सील करा.

रंग. कातळ काळा असतो असं आपण म्हणतो पण फोटो बघा, तो करडा आहे, सावलीत निळसर, उन्हात तपकिरी झाक. काळा, बर्न्ट अंबर आणि थोडा अल्ट्रामरीन असा पहिला थर, सगळ्या भेगांत पोचला पाहिजे. मग करड्यात थोडा ऑकर घालून ड्रायब्रश, ब्रश टिश्यूवर पुसून जवळजवळ कोरडा, वरून खाली एकाच दिशेने, कारण ऊन वरून आहे. मग आणखी फिकट, फक्त धारांना. दगडावर दगडफुलाचे फिकट राखाडी-हिरवे ठिपके, जुन्या ब्रशच्या फाटक्या टोकाने टेकवत. मुरमाच्या जागी विटकरी आणि ऑकर, आणि काळ्या-लाल जमिनीची सीमा कधीही रेघेसारखी ठेवू नका, एकमेकांत सांडू द्या.

गवताला विकतचे टफ्ट (गवताचे तयार झुबके) चालतात पण सुतळी त्याहून सरस. १० मिमीचे तुकडे कापा, पीळ उकला, चिमट्यात धरून टोकाला फेविकॉल, आणि दगडाच्या पायथ्याशी भोक पाडून रोवा. वाळल्यावर कात्रीने टोकं असमान कापा. तिचा नैसर्गिक रंगच ऑक्टोबरच्या गवताचा आहे, बुडाशी थोडा हिरवट वॉश दिला की झालं. वापरलेली चहापावडर धुवून पूर्ण वाळवली की पाचोळा होते. आणि एका फटीत सोनकीची दोन-तीन पिवळी फुलं, पिवळ्या रंगाचे नुसते ठिपके, त्या दिवसांत सह्याद्रीत ती असतातच.

दोघांना एकत्र आणणं

बेसमध्ये भोक पाडा, पायातली तार घाला, गोंद लावायच्या आधी फिरवून बघा. आकृती बरोब्बर मधोमध आणि बेसच्या कडेला समांतर उभी केली की पुतळा वाटतो. थोडी मागे, एक पाय वरच्या पायरीवर, चेहरा आणि ढाल समोरून दिसतील अशी वळवून चिकटवा. पाऊल आणि जमीन ह्यांच्यात फट दिसली तर तिथे रांगोळीचा लेप आणि दोन कण.

मग गेरू. पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळतो तो लाल गेरू बारीक चाळून घ्या, मऊ ब्रशने बुटांवर, केपच्या खालच्या काठावर, पायरीच्या झिजलेल्या खोलगट भागावर हलकेच बसवा. बुटांना टाचेकडे जास्त, घोट्याकडे कमी, केपला फक्त शेवटचे दोन-तीन मिलिमीटर. आकृती त्याच वाटेने चालत वर आली आहे हे ह्या एका कामाने पटतं आणि म्हणूनच जागा आधी ठरवायचा एवढा आग्रह. वार्निश मारल्यावर गेरू थोडा गडद होतो, म्हणून मनात आहे त्यापेक्षा किंचित जास्त लावा.

वार्निश मॅट, दोन पातळ हात, पावसाळ्यात स्प्रे नको, ब्रशने. खेळायला वापरणार असाल तर आधी एक ग्लॉस थर द्या, तो टणक असतो, वर मॅट. मॅटने हेल्मेट आणि तलवारीची चमक मरते, म्हणून सगळं वाळल्यावर धारांवर चांदी आणि पितळ परत एकदा ओढा, केपवर साटिन वार्निशचा हात दिलात तर रेशमाचा भास येतो. बेसची कड गडद तपकिरी किंवा काळी, स्वच्छ, दोन हात.

ठेवायला पत्र्याचा बिस्किटांचा डबा घ्या आणि बेसच्या तळाला छोटं निओडिमियम मॅग्नेट चिकटवा, आकृती डब्यात घट्ट उभी राहते, गाडीवरून मित्राकडे नेली तरी एकमेकांवर आपटत नाही. मॅग्नेट सगळ्यांना एकाच तळाच्या पातळीत बसवा, बेसच्या बाहेर आलं तर आकृती टेबलावर डुगडुगते.